पंचकेदार यात्रा

पंचकेदार यात्रा ही उत्तराखंड राज्याच्या गढवाल विभागातील पाच शिवस्थानांची पर्वतीय पदयात्रा आहे. केदारनाथ, मध्यमहेश्वर, तुंगनाथ, रुद्रनाथ आणि कल्पेश्वर ही ती पाच स्थाने होत. पहिली तीन रुद्रप्रयाग जिल्ह्यात व उरलेली दोन चमोली जिल्ह्यात आहेत. मंदाकिनी आणि अलकनंदा या नद्यांच्या खोऱ्यांमधील डोंगररांगांवर ती वसलेली असून कल्पेश्वर वगळता बाकीची चार ३,४०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहेत. केदारनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून उत्तराखंडातील चारधाम यात्रेतही त्याचा समावेश होतो. त्यामुळे तेथे लाखो यात्रेकरू जातात. उरलेल्या चार केदारांपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या त्या मानाने फार कमी आहे.

आख्यायिका

पंचकेदारांची उत्पत्तिकथा महाभारत युद्धानंतरच्या काळाशी जोडलेली आहे. कुरुक्षेत्रावरील गोत्रहत्येच्या पापातून मुक्त होण्यासाठी पांडव शंकराच्या शोधात हिमालयात आले. त्यांना दर्शन द्यावयाचे नाही म्हणून शंकर गुप्त झाले. ते जेथे गुप्त झाले ते स्थान गुप्तकाशी या नावाने ओळखले जाते. पुढे शंकराने बैलाचे रूप घेतले; काही कथांत ते महिषाचे रूप आहे. भीमाने त्यास ओळखून पकडले असता ते रूप भूमीत शिरू लागले. त्याचे वशिंड केदारनाथ येथे, बाहू तुंगनाथ येथे, मुख रुद्रनाथ येथे, नाभी मध्यमहेश्वर येथे आणि जटा कल्पेश्वर येथे प्रकट झाल्या, अशी श्रद्धा आहे. मस्तकाचा संबंध काही परंपरांत काठमांडूच्या पशुपतिनाथाशी जोडला जातो. एकाच देहाचे भाग पाच ठिकाणी विखुरले असल्यामुळे पाचही स्थानांचे दर्शन झाल्यावरच शिवदर्शन पूर्ण होते, असे भाविक मानतात. स्कंदपुराणाशी जोडल्या जाणाऱ्या केदारखंडात या क्षेत्राचे माहात्म्य वर्णिलेले आहे.

पाच स्थाने

केदारनाथ (सुमारे ३,५८३ मीटर) : मंदाकिनीच्या उगमाजवळ, हिमशिखरांच्या पायथ्याशी हे मंदिर आहे. मोठमोठ्या घडीव शिळांचे हे बांधकाम एका उंच जोत्यावर उभे आहे. गर्भगृहातील स्वयंभू शिळा त्रिकोणी असून भाविक तिला तुपाचे लेपन करतात. सभामंडपात पांडव, द्रौपदी व श्रीकृष्ण यांच्या मूर्ती आहेत. येथे जाण्याचा पायी मार्ग गौरीकुंड येथून सुरू होतो.

मध्यमहेश्वर (सुमारे ३,४९० मीटर) : स्थानिक उच्चारात ‘मदमहेश्वर’. चौखंबा शिखराच्या छायेत, गवताळ उतारावर हे मंदिर आहे. येथून सुमारे दोन किलोमीटर चढून गेल्यावर बूढा मध्यमहेश्वर हे लहान स्थान लागते.

तुंगनाथ (सुमारे ३,६८० मीटर) : पाच केदारांतील सर्वांत उंचावरील मंदिर. चोपता या ठिकाणाहून सुमारे साडेतीन ते चार किलोमीटरच्या फरसबंद वाटेने येथे पोहोचता येते. मंदिराच्या वर सुमारे ४,००० मीटर उंचीचे चंद्रशिला शिखर आहे. चढण छोटी असल्याने केदारनाथनंतर सर्वाधिक वर्दळ येथे असते.

रुद्रनाथ (सुमारे ३,६०० मीटर) : नैसर्गिक शिलागुहेत असलेले हे स्थान नीलकंठ महादेवाचे मुख म्हणून पूजिले जाते. परिसरात सूर्यकुंड, चंद्रकुंड व ताराकुंड आहेत. जवळून वाहणाऱ्या प्रवाहास वैतरणी म्हणतात व तेथे पितरांसाठी विधी केले जातात. पाचांपैकी हाच मार्ग सर्वांत खडतर मानला जातो.

कल्पेश्वर (सुमारे २,२०० मीटर) : कल्पगंगेच्या काठी, उर्गम खोऱ्यातील लहानसे गुहामंदिर. दुर्वास ऋषींनी येथे कल्पवृक्षाखाली तप केल्याची कथा सांगितली जाते. कमी उंचीमुळे पंचकेदारांपैकी हे एकच स्थान वर्षभर खुले असते.

यात्रामार्ग

परंपरेने यात्रेचा आरंभ केदारनाथपासून व समाप्ती कल्पेश्वर येथे होते. हृषीकेशहून रुद्रप्रयागपर्यंत गंगा व अलकनंदा यांच्या काठाने व तेथून मंदाकिनीच्या खोऱ्याने सोनप्रयाग गाठतात. गौरीकुंड सुमारे १,९८० मीटर उंचीवर आहे. तेथून जंगलचट्टी, भीमबली व लिनचोली या टप्प्यांनी सुमारे १६ किलोमीटर अंतर चालून केदारनाथ येते. एवढ्या अंतरात सुमारे १,६०० मीटरची चढण होते. जुन्या काळी पायी यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागेस ‘चट्टी’ म्हणत; हा शब्द आजही अनेक स्थळनामांत टिकून आहे. ज्यांना चालणे शक्य नाही ते घोडे व खेचरे, चार माणसांनी वाहून न्यावयाची डंडी किंवा एका माणसाच्या पाठीवरील कंडी यांचा आधार घेतात.

केदारनाथहून परतल्यावर उखीमठमार्गे रांसी या गावी जातात. रांसी, गौंडार, बनतोली, नानू असे टप्पे घेत १६ ते १८ किलोमीटरवर मध्यमहेश्वर आहे. वाटेत गौंडार हे वस्तीचे शेवटचे मोठे गाव असून पुढील टप्प्यांवर स्थानिक कुटुंबे यात्रेकरूंच्या राहण्या-जेवण्याची सोय करतात. त्यानंतर चोपता येथून तुंगनाथाचे दर्शन घेऊन गोपेश्वरच्या दिशेने उतरतात.

रुद्रनाथकडे जाण्यासाठी गोपेश्वरजवळील सगर हे गाव प्रचलित आरंभस्थान आहे. तेथून पनार बुग्याल व पित्रधार ओलांडून सुमारे २० किलोमीटर चालावे लागते. दुसरी वाट मंडल गावाहून अनसूयादेवीच्या मंदिरावरून जाते. रुद्रनाथहून डुमक व कलगोठ या गावांवरून उर्गम खोऱ्यात उतरता येते आणि कल्पेश्वर गाठता येते. बद्रीनाथ महामार्गावरील हेलंग येथून उर्गमकडे मोटाररस्ता झाल्यापासून मात्र बहुतेक यात्रेकरू कल्पेश्वरला वाहनानेच जातात. मध्यमहेश्वरहून पांडवसेरा व नंदीकुंड यांवरून कल्पेश्वरकडे जाणारी एक अतिउंच वाटही आहे. परंतु ती सराईत गिर्यारोहकांसाठीच योग्य आहे.

पूजापरंपरा आणि हिवाळी गादी

हिवाळ्यात बर्फामुळे चार उंच मंदिरे बंद होतात. मंदिराची दारे उघडण्यास व मिटण्यास स्थानिक भाषेत ‘कपाट’ उघडणे व बंद होणे म्हणतात. केदारनाथाचे कपाट उघडण्याचा दिवस महाशिवरात्रीस उखीमठ येथे जाहीर केला जातो. तो बहुधा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास येतो, आणि भाऊबीजेच्या दिवशी कपाट बंद होते. त्यानंतर देवाची उत्सवमूर्ती डोलीतून खालच्या गावी आणली जाते व पुढील सहा महिने तेथेच पूजा चालते. केदारनाथ व मध्यमहेश्वर यांची हिवाळी गादी उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात, तुंगनाथाची मक्कूमठ येथे आणि रुद्रनाथाची गोपेश्वरच्या गोपीनाथ मंदिरात असते. मध्यमहेश्वराची डोली उखीमठला परतते तेव्हा तेथे मोठी जत्रा भरते. महाराष्ट्रातील पालखी सोहळ्याप्रमाणेच या डोल्यांचे मुक्काम, मान व वाटेतील गावांचे हक्क परंपरेने ठरलेले आहेत.

या डोल्यांचे येणे-जाणे गढवालमधील ऋतुजीवनाशी मिळतेजुळते आहे. उन्हाळा सुरू होताच मेंढपाळ व गुरे उंचावरील कुरणांकडे जातात आणि थंडी पडू लागताच खाली उतरतात. देवही त्याच सुमारास वर जातो व खाली येतो. वर्षाचा निम्मा काळ उंचावरील क्षेत्र माणसांविना राहते.

केदारनाथाचे मुख्य पुरोहित ‘रावळ’ कर्नाटकातील वीरशैव जंगम परंपरेतील असतात. ते स्वतः नित्यपूजा करीत नाहीत. त्यांच्या अधिकाराखालील पुजारी ती करतात. उखीमठ येथील केदारपीठ हे वीरशैवांच्या पाच पीठांपैकी एक असल्याने महाराष्ट्रातील वीरशैव समाजाचाही या क्षेत्राशी संबंध येतो. तुंगनाथाची पूजा मात्र मक्कूमठ येथील स्थानिक ब्राह्मण करतात. केदारनाथ व बद्रीनाथ येथील मंदिरांच्या व्यवस्थेसाठी १९३९ साली कायदा करण्यात आला व त्यानुसार मंदिर समिती काम पाहते. अहिल्याबाई होळकर यांनी देशभरातील तीर्थक्षेत्री केलेल्या बांधकामांत केदारनाथ येथील धर्मशाळेचाही उल्लेख केला जातो.

निसर्ग

केदारनाथ वन्यजीव अभयारण्याची स्थापना १९७२ साली झाली. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९७५ चौरस किलोमीटर असून कस्तुरीमृगाचे संरक्षण हा त्यामागील प्रमुख हेतू होता. मध्यमहेश्वर, तुंगनाथ व रुद्रनाथ यांच्या वाटा या अरण्यप्रदेशातून जातात. ओक व बुरांश (तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) यांची वने, त्यांच्या वर वृक्षरेषा आणि त्यापलीकडे ‘बुग्याल’ नावाची विस्तीर्ण कुरणे असा क्रम चढताना दिसतो. मोनाल हा उत्तराखंडाचा राज्यपक्षी येथे आढळतो. तुंगनाथ परिसरात हेमवतीनंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठाचे उच्च पर्वतीय वनस्पतींच्या अभ्यासाचे केंद्र आहे.

पावसाळ्यात उंचावरील खडकाळ उतारांवर ब्रह्मकमळ फुलते व ते शिवपूजेत वाहिले जाते. महाराष्ट्रात घरोघरी कुंडीत लावले जाणारे, रात्री उमलणारे ‘ब्रह्मकमळ’ ही याहून सर्वस्वी वेगळी वनस्पती आहे. ते मूळचे अमेरिका खंडातील निवडुंगवर्गीय झाड होय. हिमालयातील ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातील आहे.

रुद्रनाथच्या वाटेवरील मंडल गावाचे चिपको आंदोलनाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. १९७३ साली शेतीच्या अवजारांसाठी अंगू झाडाचे लाकूड मागणाऱ्या ग्रामस्थांना नकार मिळाला आणि तीच झाडे क्रीडासाहित्य बनविणाऱ्या एका कंपनीस देण्यात आली. चंडीप्रसाद भट्ट व गोपेश्वरच्या दशोली ग्रामस्वराज्य संघाच्या कार्यकर्त्यांनी ग्रामस्थांसह या तोडीस विरोध केला. त्याच वर्षी केदारनाथ मार्गावरील फाटा परिसरातही असाच विरोध झाला.

आपत्ती

हा प्रदेश भूकंपप्रवण असून उतारांवरील माती व दगड सैल आहेत. ऑगस्ट १९९८ मध्ये उखीमठ व मध्यमहेश्वर खोऱ्यात मोठ्या दरडी कोसळल्या आणि मार्च १९९९ मध्ये चमोली भागात तीव्र भूकंप झाला.

१६ व १७ जून २०१३ रोजी झालेली आपत्ती सर्वांत भीषण होती. अतिवृष्टी व वितळणारे बर्फ यांमुळे मंदाकिनीला पूर आला आणि १७ जूनच्या सकाळी केदारनाथच्या वरील चोराबाडी तलावाचा हिमोढांनी बनलेला बांध फुटला. पाणी, दगड व गाळ यांचा लोंढा केदारनाथ वस्तीतून गेला. वाटेतील रामबाडा हा मुक्कामाचा टप्पा नाहीसा झाला. राज्यभरात पाच हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. मंदिराच्या मागे येऊन अडकलेल्या एका प्रचंड शिळेने लोंढा दुभंगला व मुख्य मंदिर वाचले. भाविक तिला भीमशिला म्हणतात. मंदिरामागील आदि शंकराचार्यांची समाधी मात्र वाहून गेली. त्या जागी उभारलेल्या शंकराचार्यांच्या मूर्तीचे अनावरण ५ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. आपत्तीनंतर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पथकांनी पुनर्बांधणीत मोठा वाटा उचलला. रामबाड्यापासून पुढे नदीच्या दुसऱ्या काठाने लिनचोलीवरून नवी वाट काढण्यात आली.

ऑगस्ट २०२३ मध्ये बनतोली येथील पूल वाहून गेल्याने मध्यमहेश्वर येथे अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. ३१ जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत केदारनाथची पायवाट पुन्हा अनेक ठिकाणी तुटली.

बदलते स्वरूप

पुनर्बांधणीनंतर केदारनाथच्या यात्रेकरूंची संख्या झपाट्याने वाढली. २०१९ च्या हंगामात ती सुमारे १० लाख होती. २०२३ मध्ये ती १९ लाखांवर गेली. यात्रेसाठी नोंदणी सक्तीची आहे. हेलिकॉप्टर सेवेचा वापर वाढला असून ऑक्टोबर २०२२ व जून २०२५ मध्ये या मार्गावर प्रत्येकी सात जणांचा बळी घेणारे अपघात झाले. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेस मंजुरी दिली. आठ-नऊ तासांचा प्रवास त्यामुळे सुमारे ३६ मिनिटांवर येईल, असे सांगण्यात आले आहे. वृद्ध व अशक्त भाविकांची सोय आणि पायवाटेवरील खेचरांचा भार कमी होणे हे त्याचे लाभ सांगितले जातात. दुसरीकडे, अरुंद हिमनदीखोऱ्यात एकाच वेळी किती माणसे सामावू शकतात आणि वाटेवरील खेचरवाले, कंडीवाले व लहान दुकानदार यांच्या उपजीविकेचे काय, हे प्रश्न उपस्थित केले जातात.

उरलेल्या केदारांची स्थिती एकसारखी नाही. कल्पेश्वरला रस्ता पोहोचल्याने तेथील पदयात्रा जवळजवळ संपली आहे. तुंगनाथला चोपत्यामार्गे पर्यटकांची व हिवाळी गिर्यारोहकांची गर्दी वाढली असून मंदिर एका बाजूस कलत असल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पाहणीत दिसून आले आहे. मध्यमहेश्वर व रुद्रनाथ येथे अजूनही पायीच जावे लागते. तेथील यात्रेकरूंची सोय गौंडार, सगर अशा गावांतील रहिवाशांच्या हाती आहे. हंगामातील हे उत्पन्न त्यांना वर्षभर पुरवावे लागते, आणि वाट तुटली किंवा पूल वाहून गेला तर त्यांचा त्या वर्षाचा हंगाम बुडतो.

यात्रेचा काळ

मे ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हे काळ यात्रेस अनुकूल मानले जातात. जुलै व ऑगस्टमध्ये दरडी कोसळण्याचा धोका असतो. उंचीवरील विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी चढण सावकाश करणे, वाटेत एक मुक्काम घेणे, पुरेसे पाणी पिणे आणि डोकेदुखी, मळमळ किंवा धाप वाढल्यास न थांबता खाली उतरणे आवश्यक असते. उन्हाळ्यातही दुपारनंतर पाऊस किंवा हिमवर्षाव होऊ शकतो, म्हणून गरम कपडे व पावसापासून संरक्षण बरोबर ठेवावे लागते. रुद्रनाथच्या वाटेवर मुक्कामाच्या सोयी मोजक्या असल्याने तेथे स्थानिक वाटाड्या बरोबर घेण्याची प्रथा आहे.