अडखळणाऱ्या इंजिनाची चौकशी

मोटार फाटकाशी उभी असावी, इंजिन चालू असावे, आणि त्याच्या एकसुरी घरघरीत एकाएकी खंड पडावा. मधूनच एखादा ठोका चुकावा आणि सबंध गाडीला कंप सुटावा, हा अनुभव जुनी मोटार बाळगणाऱ्या कोणासही नवा नाही. आपल्याकडील मेस्त्री त्यास ‘इंजिन मिसिंग मारते’ असे म्हणतात. कार्ब्युरेटरच्या काळी या दुखण्यावर पहिला उपाय ठरलेला असे. मेस्त्रीने कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित आत, किंचित बाहेर फिरवावयाचा आणि कान देऊन ऐकावयाचे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागे. परंतु १९६७ साली जर्मनीतील फोक्सवागन कंपनीने आपल्या १६०० जातीच्या काही मोटारींतून कार्ब्युरेटर काढून टाकला आणि त्याच्या जागी बॉश कंपनीची विजेच्या आज्ञेने चालणारी पेट्रोलची पिचकारी, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, बसविले. मेस्त्रीच्या ओळखीचा स्क्रू नाहीसा झाला. त्याच्या जागी एक बंद पेटी आली; आणि गाडीचे काहीही बिघडले, की आळ त्या पेटीवर येऊ लागला.

पिचकारीची कल्पना मुळात मोटारीची नव्हे. डिझेल इंजिनासाठी बॉशने इंधनाचे पंप १९२७ पासून कारखान्यात घडविण्यास आरंभ केला होता. पेट्रोल इंजिनात ती कल्पना किती मोलाची आहे, हे जगाला कळले ते विमानांमुळे. १९४० साली ब्रिटनवर जे हवाई युद्ध झाले, त्यात जर्मन मेसरश्मिट विमानांच्या डायम्लर-बेंझ इंजिनांत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारले जाई. उलट स्पिटफायरच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनावर तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली दाबले, की कार्ब्युरेटरमधील पेट्रोल वर फेकले जाई. इंजिन क्षणभर उपाशी राही आणि लागलीच पेट्रोलचा लोट येऊन गुदमरे. शत्रू पाठीवर असता इंजिन असे अडखळणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेतील बिआट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने (या बाई मोटारसायकलच्या शर्यतीतही नावाजलेल्या होत्या) रोगाचे दोन भाग वेगळे पाहिले. उपासमार क्षणाची होती. घात करीत होता तो मागून येणारा लोट. १९४१ साली त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बारीक छिद्राचा एक लहानसा धातूचा तुकडा बसविला. इंजिनाला पूर्ण ताकदीने चालताना लागेल तेवढेच पेट्रोल त्यातून जाई, अधिक नाही. उपासमार पुरती गेली नाही, पण गुदमरणे थांबले. नवे इंजिन घडविण्यास सवड नव्हती. नेमक्या निदानाने वेळ भागविली.

युद्धानंतर पिचकारी मोटारीत आली. १९५४ साली मर्सिडीझने आपली पंखासारख्या दारांची ३०० एसएल ही गाडी पुढे आणली. तिचे पेट्रोल यांत्रिक पंपाने थेट सिलिंडरमध्ये जाई. त्या पंपाची एक खोड अशी, की चावी बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत तो पेट्रोल फवारीतच राही. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खालच्या तेलात मिसळे.

विजेवर चालणाऱ्या पिचकारीचा पहिला धडा मात्र अमेरिकेने गिरवला, आणि तो फसला. बेंडिक्स कंपनीचे ‘इलेक्ट्रोजेक्टर’ क्रायस्लरने १९५८ सालच्या थोड्याशा मोटारींवर बसविले. ऊन, थंडी आणि रस्त्यावरील हादरे सोसण्याइतके त्या काळचे विद्युत्‌-भाग टणक नव्हते. बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर परत बसविण्यात आले. कल्पना बरोबर होती, तिला उचलणारे सामान कच्चे होते. पुढे ते हक्क बॉशकडे आले. दरम्यान ट्रान्झिस्टर सुधारले होते. अमेरिकेत १९६८ सालच्या गाड्यांपासून धुरावर देशव्यापी निर्बंध आले, आणि पेट्रोल मोजून देण्याची गरज एकदम निकडीची झाली. फोक्सवागनची १६०० गाडी त्या घटकेला जन्मली. आपल्याकडील अॅम्बॅसडर आणि फियाट त्यानंतरही कित्येक वर्षे कार्ब्युरेटरवरच धावत राहिल्या. म्हणून ही पेटी आपल्या मेस्त्रींना उशिरा भेटली.

या यंत्रणेस बॉशने ‘डी-जेट्रॉनिक’ असे नाव दिले. ‘डी’ म्हणजे जर्मन भाषेतील ‘द्रुक’, दाब. श्रोतेहो, सगळे मर्म या एका अक्षरात आहे. इंजिन किती हवा ओढते, हे ही यंत्रणा मोजीत नाही. ती मॅनिफोल्डमधील हवेचा दाब मोजते आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधते. दाब कमी, म्हणजे इंजिनावर भार थोडा. पेट्रोल थोडे द्या. दाब वाढला, म्हणजे चढ लागला, पेट्रोल वाढवा. पिचकारी किती वेळ उघडी ठेवावयाची, हे पेटी ठरविते, आणि तो वेळ सेकंदाच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. पेटीला डोळे नाहीत, कान नाहीत. साक्षीदार जे सांगतील, ते ती खरे मानते.

आता समजा, इंजिनच थकलेले आहे. झडपा नीट मिटत नाहीत किंवा ठिणगी उशिरा पडते. अशा इंजिनाची ओढ कमी होते आणि मॅनिफोल्डमधील दाब वाढतो. पेटी समजते की गाडी चढावर आहे, आणि उभ्या गाडीला चढावाचे पेट्रोल देऊ लागते. मिश्रण दाट होते, प्लग काजळतात, इंजिन अधिकच अडखळते. मालक म्हणतो, पेटी बिघडली. वस्तुतः पेटी चोख हिशेब करीत असते. आकडाच तिला चुकीचा मिळालेला असतो. तीच गोष्ट उष्णता कळविणाऱ्या भागाची. इंजिन थंड असता त्याचा विद्युत्‌-रोध वाढतो; २० अंश सेल्सिअसला तो सुमारे २,५०० ओहम असतो. त्याची तार तुटली, की रोध अमर्याद झाला. पेटीला वाटते, बाहेर कडाक्याची थंडी आहे. ती तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा मारा करते. एका तुटक्या तारेपायी किती पेट्या उगाच बदलल्या गेल्या असतील, कोण जाणे!

१९७३ साली बॉशने याच घराण्यात दुसरी दोन भावंडे आणली. त्यांपैकी ‘एल-जेट्रॉनिक’ दाबाऐवजी हवाच मोजू लागले; हवेच्या वाटेत एक झुलती फळी असे, ती किती ढकलली गेली त्यावरून हिशेब होई. येथे एक मौज आहे. मॅनिफोल्डची रबरी नळी चिरली आणि तिच्यातून चोरटी हवा आत शिरली, तर जुन्या ‘डी’ गाडीत दाब वाढतो, पेट्रोलही वाढते, आणि उभ्या गाडीचे इंजिन नेहमीपेक्षा जोराने पळू लागते. नव्या ‘एल’ गाडीत ती हवा फळीला चुकवून येते, हिशेबात धरलीच जात नाही. मिश्रण विरळ होते आणि इंजिन अडखळून बंद पडते. चीर एक, लक्षणे परस्परविरुद्ध! एका गाडीवर मिळविलेला अनुभव दुसरीवर जसाच्या तसा लावणाऱ्या मेस्त्रीची येथे फसगत होते.

पुढे १९७६ साली व्होल्वोने धुरातील प्राणवायू मोजणारा भाग बसविला, आणि पेटीला आपली चूक तपासण्याची सोय मिळाली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना आपले दोष स्वतः नोंदविण्याची सक्ती झाली. ‘डी’ गाडी मात्र काहीच नोंदवीत नाही. तिच्यापाशी चौकशी माणसानेच करावयाची.

आणि ती इंजिनापासून सुरू करावयाची. प्रथम पेट्रोलच्या रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. कार्ब्युरेटरच्या पंपापेक्षा येथील दाब कितीतरी अधिक, सुमारे २ बार असतो. जुन्या नळीची एक भेग तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडविते, आणि अशा आगींत गाड्या जळाल्या आहेत. हे काम उद्यावर टाकावयाचे नाही. मग झडपांमधील अंतर, प्लग, ठिणगीची वेळ. चार सिलिंडरांच्या गाडीत पेट्रोल दोन-दोनांच्या जोडीने सुटते. म्हणून जोडीच्या जोडी गप्प झाली, तर डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी असलेले संपर्कबिंदू पाहावेत, आणि एकच सिलिंडर चुकत असेल, तर त्याचा प्लग किंवा त्याचा इंजेक्टर. शेवटी दाब मोजणाऱ्या डब्याला हाताने चालणारा निर्वात पंप लावून हवा ओढून घ्यावी आणि काट्याकडे पाहत राहावे. काटा जागचा हलला नाही, तर डबा शाबूत. तो हळूहळू उतरू लागला, तर आतील पातळ पडदा चिरलेला आहे, आणि तो डबाच बदलावयाचा. पेटी तोवर उघडण्याचे कारण पडत नाही.