शुभ्र वस्त्राची पूर्वपीठिका

चिंचवडास पवनेच्या काठी, मोरया गोसावींच्या समाधीजवळ उभे राहिले असता आमच्या मनात एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न येतो: ब्लीचिंग पावडरीवाचून धोतरे पांढरी होत कशी? जुने ते सारे ‘नैसर्गिक’ म्हणून गौरविण्याची हल्ली चाल पडली आहे. म्हणून त्या जुन्याकडे जरा निरखून पाहिलेले बरे.

या विद्येचा खरा जाणकार बलुतेदार परीट. मळके कपडे तो खाराच्या पाण्यात भिजवी, भट्टीवर वाफवी, नदीच्या दगडावर आपटी आणि ओलेच उन्हात पसरी. राखेतील अथवा पापडखारातील क्षार तेलकट मळाचाच साबण करून टाकतो. पुढे ऊन, ओल व हवेतील प्राणवायू मिळून पिवळेपणा घालवितात. हळदीच्या डागाचा अनुभव कोणत्या घरी नाही? साबण लावताच तो लाल होतो, आणि एक-दोन उन्हांत आपोआप उडतो. रिठ्याने मळ निघतो, पण रंग उडत नाही. नीळ तर पिवळेपणा घालवीत नाही, केवळ झाकते. या शुभ्रतेचे मोल मात्र परिटाचे हात देत; खाराने ते फाटत, आणि पदरी पडे ते बलुत्याचे धान्य!

युरोपातही रीत निराळी नव्हती. हॉलंडातील हार्लेम येथे लिननचे कापड क्षारात व आंबट ताकात बुडवून महिनेच्या महिने कुरणावर पसरीत. १७७४ मध्ये शेले यांस क्लोरीन सापडला, १७८५ च्या सुमारास बेर्तोले यांनी त्याने कापड पांढरे करून दाखविले, आणि १७९९ मध्ये टेनंट यांनी भुकटीचे पेटंट घेतले. गिरण्यांस वेळ वाचविणे होते, तो वाचला.

आमच्या भागात उन्हाचा दुष्काळ कधीच नव्हता. आटले ते अंगण आणि पाणी. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका आली, पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात भट्टी कोठे लावावी? आळंदीस इंद्रायणीवर अलीकडे वारंवार पांढरा फेस तरंगतो. सांडपाण्याने आलेली ही शुभ्रता पाहून परीटही काठावरूनच परतला असता.

तरीही सज्ज्यात दोन प्रहरी ऊन येत असेल, तर सुती कपडा धुण्याच्या सोड्यात उकळावा, स्वच्छ पाण्यात खळबळावा व ओलाच त्या उन्हात टाकावा. पॉलिएस्टरच्या कपड्यावर मात्र हा खटाटोप करू नये.