कल्हईचा थर : उपनगरी स्वयंपाकघरातील तांबे, कथील आणि शिसे

अंधेरी-घाटकोपरचा भाग १९५० मध्ये आणि बोरिवली-मुलुंडचा १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाला, त्या काळात तेथील वाड्या-चाळींतील स्वयंपाकघरांत ॲल्युमिनियम शिरले असले तरी पातेली, तपेली आणि घागरी यांत तांब्या-पितळेचा मान मोठा होता, आणि ही भांडी वापरण्याजोगी ठेवण्याचे काम दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्याकडे होते. आहारशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवसाय एका नाजूक सीमेवर उभा होता. तांबे हे सूक्ष्म मूलद्रव्य आहे, म्हणजे शरीराला ते अत्यल्प प्रमाणात, प्रौढ माणसाला दिवसाकाठी एक-दोन मिलिग्रॅम इतकेच लागते. लोहाच्या वापरासाठी ते आवश्यक असले तरी गरजेहून जास्त झालेले तांबे यकृताला पित्तावाटे बाहेर टाकावे लागते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असल्याने ताक, चिंच वा आमसूल त्यात पडले की आम्लामुळे तांबे विरघळते, पदार्थ हिरवट होतो आणि त्याला उग्र चव येते. घरच्या बायका त्याला ‘कळकले’ म्हणत आणि बिनदिक्कत फेकून देत.

यावर उपाय होता कथलाचा. कल्हईवाला अंगणात खड्डा करून कोळसा पेटवी, भात्याने धग वाढवी, तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकी, पांढऱ्या धुराबरोबर धातूवरील मळ सुटे, आणि मग कथलाची कांडी टेकवून वितळलेला थेंब कापसाच्या बोळ्याने झपाट्याने सर्वत्र फिरवी. तांबे १,०८५ अंश सेल्सियसला वितळते आणि कथील अवघ्या २३२ अंशांना. म्हणून हे शक्य होते, आणि म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये असा दंडक होता. कथील आतड्यांत फारसे शोषले जात नाही. परंतु कथील महाग आणि शिसे स्वस्त, त्यामुळे भेसळीचा मोह कायम असे, आणि शिशाचा तर शरीराला काडीचाही उपयोग नाही. ते मुलांच्या मेंदूला घातक ठरते. संरक्षणासाठी दिलेल्या थरातूनच विष यावे, हा या व्यवसायाचा खरा कमकुवत दुवा म्हणावा लागेल.

कळकलेले ताक जिभेला कळते, दूध मात्र फसवे असते, कारण त्यातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. पुण्यात शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात असा निष्कर्ष मांडला, की लहान बालकांचे यकृत निकामी करणाऱ्या ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या रोगाचा संबंध कोवळ्या वयात दिलेल्या, तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून ठेवलेल्या गाई-म्हशींच्या दुधाशी असावा. केवळ तांबे की त्याला आनुवंशिक कलाची जोड, हा वाद मागे राहिला. रोग मात्र पुढे दुर्मिळ झाला. ऑस्ट्रियातील टायरॉल भागातही असाच बालरोग आढळला होता, हे नंतर प्रसिद्ध झाले.

गोरेगावच्या आरे वसाहतीचे दूध १९५० च्या दशकात बंद बाटल्यांतून घरोघरी येऊ लागले, तरी ते तापवले जाई घरच्याच पातेल्यात. त्यामुळे उपनगरांतील बदलाचे श्रेय वैद्यकापेक्षा बोहारणीला देणे अधिक न्याय्य ठरेल : जुन्या कपड्यांवर, विशेषतः जरीच्या साड्यांवर, ती स्टीलचे डबे-पातेली देऊ लागली आणि पितळ मोडीत गेले. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन बनणारा सूक्ष्म थर ओरखडला तरी आपोआप भरून येतो, त्यामुळे कल्हईवाल्याची गरजच उरली नाही. आता तांब्याच्या बाटल्या पुन्हा बाजारात आल्या आहेत, त्याही कल्हईविना. साध्या पाण्यासाठी हे सहसा चालून जाते, पण लिंबूसरबत भरल्यास तांबे झपाट्याने उतरते. पिण्याच्या पाण्यातील तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे.