नटी आणि नाटककर्ती

बेज्जूरहून प्राणहिता फार दूर नाही आणि प्राणहिता ओलांडली की महाराष्ट्राची झाडीपट्टी लागते. तेथे सुगी झाली की रात्रीच्या रात्री नाटके रंगतात. एके काळी तेथील दंडारीत पुरुषच लुगडे नेसून उभे राहत; आता नाटकांतील स्त्रीभूमिका स्त्रियाच करतात. हा पालट पाहून आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. रंगमंचावर पाऊल ठेवावयास मिळणे मोठे, की तेथे बोलावयाचे शब्द आपले असणे मोठे?

इंग्लंडात १६६० नंतर नटी रंगभूमीवर आल्या. अठराव्या शतकात त्यांच्यापैकी काहींनी लेखणीही हाती घेतली. किटी क्लाइव्ह ही विनोदी भूमिकांत गाजलेली नटी. १७३७ च्या कायद्याने लंडनमधील गंभीर नाटकांचा मक्ता दोनच नाट्यगृहांकडे राहिला. दोन्ही चालकांनी संगनमत केले, तर नटांना तिसरे दार नाही! क्लाइव्हबाईंनी १७४४ साली आपली कैफियत छापून लोकांपुढे ठेवली आणि १७५० मध्ये स्वतः लिहिलेले प्रहसन ड्रुरी लेनमध्ये सादर केले. त्यांचे यजमान बॅरिस्टर होते, पण उभयतां विभक्त राहत. त्या काळी विवाहितेची कमाई कायद्याने पतीची समजली जाई. तो नियम १८७० व १८८२ च्या कायद्यांनी मोडला. एलिझाबेथ इंचबाल्ड ही दुसरी नटी. हिची वाणी अडखळत असे. वैधव्यानंतर १७८४ साली तिचे पहिले नाटक रंगभूमीवर आले, आणि पुढे ती लेखणीवर निर्वाह करू लागली.

आमच्याकडे क्रम उलटा झाला. येथे लेखणी आधी आली, पाऊल मागाहून पडले. गायनकलेत वाढलेल्या हिराबाई पेडणेकर यांनी १९०४ साली ‘जयद्रथ विडंबन’ लिहिले. त्यांचे ‘संगीत दामिनी’ ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. परंतु व्यावसायिक मंडळ्यांत तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषांकडेच असत. म्हणजे शब्द स्त्रीचे, मुख पुरुषाचे! हिराबाई पुढे रंगभूमीच्या झगमगाटापासून दूर कोकणात पालशेतला राहिल्या. १९५१ साली त्या निवर्तल्या. गिरिजाबाई केळकरांना अधिक अनुकूलता लाभली. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला त्यांनी ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर दिले, आणि १९२८ च्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा सुशिक्षित समाजाची भीड बरीचशी चेपली.

दोघींच्या वाटेत फरक पडला तो कशाने? आमच्या मते बुद्धीने नव्हे. हिराबाईंचे कुळ समाजाने आधी विचारले, नाटक मागाहून वाचले. वकिली पेशात आम्ही हेच पाहत आलो: दावा खरा असला तरी दावेदार कोण, हे पाहूनच पुष्कळ जण निवाडा करून मोकळे होतात. इंग्लंडात क्लाइव्हबाईंना निदान वाचकांचे न्यायालय तरी लाभले.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, झाडीपट्टीतील नटीचे कौतुक करून आपण थांबू नये. तिच्या तोंडचे संवाद उद्या तिनेच लिहावेत आणि त्यांचा मोबदला तिच्याच हाती पडावा. तसे होईल, तेव्हा हिराबाईंचे ऋण थोडेतरी फिटेल.