उडीचे माप

तंजावरचे नाव घेताच मराठी मनापुढे भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय उभे राहते. कावेरीच्या फाट्यांवर वसलेल्या याच मुलखातील एका खेड्याने भारताला प्रवीण चित्रवेल हा तिहेरी उडीचा खेळाडू दिला. 2023 च्या मे महिन्यात क्यूबातील हवाना येथे त्याने 17.37 मीटरांची उडी घेऊन राष्ट्रीय विक्रम केला.

एके काळी अशा गुणांना वाट मिळे ती एखाद्या उदार पुरुषाच्या दृष्टीमुळे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यती पाहून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला, म्हणून 1920 मध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये धावले. पण एकट्याची दृष्टी कावेरीकाठच्या शेताच्या बांधापर्यंत कशी पोचावी?

1946 मध्ये अ‍ॅथलेटिक्सचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि हळूहळू दातृत्वाची जागा नियमाने घेतली. जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा स्पर्धांच्या पायऱ्या बांधणे, संघ निवडणे, विक्रम पारखणे ही त्याची कामे होत. उडीच्या वेळी पाठीमागचा वारा सेकंदाला 2 मीटरांहून अधिक असला, तर ती विक्रम ठरत नाही. मग उडी कोणाचीही असो. खेड्यातील मुलाला खरा आधार असतो तो या निष्पक्ष मापाचा. निवडीतही तेच माप राखले गेले, तरच महासंघाची प्रतिष्ठा टिकते.