परक्या मुलखातील भाताचे ताट

रोम, लूर्द आणि फातिमा ही नावे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आता दूरची वाटत नाहीत. यात्रेहून परतलेली मंडळी एकत्र बसली की बासिलिकांची भव्यता, मेणबत्त्यांची मिरवणूक यांच्या पाठोपाठ जेवणाचा विषय निघतोच. चार दिवस पाव, चीज आणि मिळमिळीत भाज्या खाल्ल्यावर भाताची आठवण अनावर होते. मग कुणीतरी 'चायनीज', 'इंडियन' किंवा नुसती 'एशियन' अशी पाटी शोधून काढतो आणि सारा तांडा त्या दाराकडे वळतो. बाहेर पडताना बहुतेकांचा अभिप्राय ठरलेला असतो : पोट भरले, पण ही काही खरी चव नव्हे.

हा अभिप्राय खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो अपुरा आहे, एवढेच आमचे म्हणणे. चव बदलली ती का बदलली, कुणी बदलली आणि कुणासाठी बदलली, हे प्रश्न त्यात विचारलेलेच नसतात. ते विचारले की साध्या भाताच्या ताटामागे साम्राज्ये, गलबते, संप, युद्धे आणि घर सोडून निघालेली माणसे दिसू लागतात.

भारतीय माणसाने ब्रिटनमध्ये काढलेले पहिले उपाहारगृह १८१० सालचे मानले जाते. पाटण्यास जन्मलेला शेख दीन महमद ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील नोकरीनंतर आयर्लंडमध्ये गेला. तेथे त्याने आयरिश स्त्रीशी विवाह केला आणि १७९४ साली इंग्रजीत आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. पुढे लंडनच्या पोर्टमन चौकाजवळ त्याने 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडले. वेताच्या खुर्च्या, हुक्का आणि हिंदुस्थानी पद्धतीचे जेवण असा तेथला थाट होता. गिऱ्हाईक कोण, तर हिंदुस्थानात चाकरी करून परतलेले साहेब. पण अशा साहेबांच्या घरी बहुधा हे पदार्थ करणारा स्वयंपाकी असेच. १८१२ मध्ये दीन महमदाचे दिवाळे निघाले. त्यानंतर ब्रायटन येथे औषधी स्नानगृह काढून त्याने नाव कमावले, ही गोष्ट वेगळी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, युरोपातील आशियाई ताटाचा पहिला भोक्ता तो होता, ज्याने आशियावर राज्य केले होते.

हीच कथा मोठ्या प्रमाणावर पाहावयाची तर नेदरलँड्सला जावे. तेथील इंडोनेशियन उपाहारगृहांत 'रायस्टटाफेल' नावाचे जेवण मागवता येते. शब्दाचा अर्थ 'भाताचे मेज'. मधे भात आणि भोवती दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक वाट्या : साते, संबल, नारळाच्या रसातील मांस, अंडी, लोणची, तळलेली केळी. पाहुण्यास वाटते की इंडोनेशियातील लोक रोज असेच जेवत असतील. वास्तविक ही पद्धत वसाहतीतील डच मळेवाल्यांनी आणि अधिकाऱ्यांनी रूढ केली. निरनिराळ्या बेटांवरील पदार्थ एका मेजावर एका वेळी मांडणे हा धन्याचा थाट होता. बटाव्हियातील मोठ्या हॉटेलांत अनवाणी नोकरांची रांग एकेक पदार्थ हाती घेऊन पाहुण्यासमोर येई. जितकी रांग लांब, तितका यजमान मोठा.

१९४५ साली इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले, १९४९ साली डचांनी ते मान्य केले, आणि पुढील वर्षांत सुमारे तीन लाख माणसे नेदरलँड्सला आली. त्यांतील बहुसंख्य मिश्र रक्ताची होती. अनेकांनी तो थंड देश पूर्वी कधी पाहिलेलाही नव्हता. काहींना सरकारने भाड्याच्या वसतिगृहांत ठेवले, आणि तेथे बटाट्याचे डच जेवण मुकाट्याने गिळावे लागे. भाताची आणि संबलाची तहान या लोकांना होतीच, पण वसाहतीतून परतलेल्या डच सैनिकांनाही ती लागली होती.

ती भागवली चिनी माणसाने. १९११ साली रॉटरडॅम बंदरातील खलाशांचा संप मोडण्यासाठी जहाज कंपन्यांनी चिनी खलाशी आणले होते. कातेंड्रेख्ट या बंदरी वस्तीत त्यांची घरे आणि खाणावळी वाढल्या. १९३० च्या मंदीत कामे गेली, तेव्हा यांतील कित्येकांनी गळ्यात डबा अडकवून रस्तोरस्ती शेंगदाण्याची चिक्की विकली. युद्धानंतर त्यांच्या खाणावळींना नवे गिऱ्हाईक मिळाले आणि त्यांनी आपल्या यादीत नासी गोरेंग, बामी गोरेंग, साते हे इंडोनेशियन पदार्थ घातले. 'चिनी-इंडोनेशियन' ही नवी पाटी लागली. बाबी पांगांग या इंडोनेशियन नावाचा अर्थ भाजलेले डुकराचे मांस, पण डच ताटात ते तांबड्या आंबटगोड रसात बुडून आले. असा पदार्थ चीनमध्येही नाही आणि इंडोनेशियातही नाही. डच कुटुंबे रविवारी घरचे पातेले घेऊन तेथे जात आणि ते भरून आणीत. २०२१ साली या उपाहारगृहांच्या संस्कृतीची नोंद नेदरलँड्सच्या अमूर्त वारशाच्या सूचीत झाली. ज्यांना संप मोडण्यापुरते आणले, त्यांच्या पातेल्याला राष्ट्राचा वारसा म्हणण्यास एकशेदहा वर्षे लागली.

ब्रिटनमधील 'इंडियन' पाटीची कथाही याच जातीची आहे. आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा ओढणारे सिलहट भागातील खलाशी लंडनला उतरत, आणि काही जण जहाजावर परत जातच नसत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांतील अनेकांनी मोडकळीस आलेली छोटी खानपानगृहे विकत घेतली आणि इंग्रज गिऱ्हाइकांच्या मासे-बटाट्यांबरोबर भात-रस्सा ठेवला. रात्री मद्यालये बंद झाल्यावरही त्यांची दारे उघडी असत. १९४७ साली सिलहटचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला, १९७१ साली बांगलादेश झाला, पण दारावरची पाटी 'इंडियन'च राहिली. इंग्रज गिऱ्हाइकाला तेवढेच नाव ठाऊक होते. २००१ साली ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. त्या कौतुकातही सिलहटचे नाव कुठे आले नाही.

या यादीतील एका नावापाशी आपल्या लोकांचे पाऊल हमखास अडखळते. ते नाव म्हणजे 'विंदालू'. गोव्याच्या घरांत, आणि 'इंदियाल' या रूपाने मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत, सणासुदीला शिजणारा हा पदार्थ. सिरक्यात आणि लसणात मुरवलेले डुकराचे मांस हे त्याचे मूळ पोर्तुगीज रूप. ब्रिटनच्या उपाहारगृहांत यांतील मांस गेले, कारण शिजवणारे मुसलमान होते. सिरका मागे पडला. अनेक ठिकाणी नावातील 'आलू' पाहून बटाटा आला. उरला तो तिखटपणा, आणि 'विंदालू' हे यादीतील तिखटाच्या एका पायरीचे नाव झाले. आपल्या माणसाला राग येणे साहजिक आहे. परंतु ज्याने हा पदार्थ कधी घरी खाल्ला नव्हता, ज्याच्या धर्मात तो निषिद्ध होता, त्याने केवळ गिऱ्हाईक मागते म्हणून त्याला आपल्या चुलीवर जागा दिली, हेही ध्यानात घ्यावे.

'एशियन' ही पाटी मात्र सर्वांत मोघम, आणि जर्मनीत तिच्यामागची कथा सर्वांत कठोर आहे. १९८० साली पूर्व जर्मनी आणि व्हिएतनाम या दोन साम्यवादी सरकारांमध्ये कामगार पुरवण्याचा करार झाला. १९८९ पर्यंत सुमारे ६० हजार व्हिएतनामी तरुण-तरुणी तेथील कारखान्यांत राबत होत्या. राहणे वसतिगृहात, मुदत ठरलेली, स्थानिकांशी मिसळणे नकोसे मानलेले. स्त्रीला दिवस गेले तर गर्भपात करावा किंवा मायदेशी परत जावे, असा दंडक होता. मातृत्वाची अशी किंमत मागणारी व्यवस्था आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

१९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, कारखाने बंद पडले आणि हे कामगार रस्त्यावर आले. थोडी रक्कम आणि परतीचे तिकीट घेऊन पुष्कळ जण गेले. जे राहिले त्यांच्यापुढे पेच असा की, राहण्याचा परवाना हवा तर स्वतःची कमाई दाखवली पाहिजे, आणि नोकरी तर कुणी देत नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टोक शहरातील त्यांच्या वसतिगृहावर जमावाने दगड आणि पेटत्या बाटल्या फेकल्या. आत शंभराहून अधिक माणसे होती. छपराकडे पळून त्यांनी जीव वाचवला. खाली उभे असलेले कित्येक लोक टाळ्या वाजवीत होते.

अशा दिवसांत अनेकांनी फुलांची, भाजीची दुकाने काढली, आणि अनेकांनी रस्त्याकडेला छोटी टपरी थाटून तिला 'आशिया' हे नाव दिले. व्हिएतनामी पदार्थ जर्मन गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हते. म्हणून हनोईच्या बाजूच्या माणसाने चिनी नूडल्स परतल्या, थायलंडची कढी केली आणि पुढे जपानी सुशीही वळली. घरचा 'फो' हा रश्श्यातील शेवयांचा पदार्थ तो पडद्यामागे आपल्या मुलांसाठी शिजवीत राहिला. पुष्कळ वर्षांनी, पुढच्या पिढीने, तो उजळ माथ्याने यादीत लिहिला. त्या टपरीतील नूडल्सना 'खरी चव' नाही असे म्हणताना हे विसरू नये की, त्या नूडल्स म्हणजे एका कुटुंबाचा राहण्याचा परवाना होता.

इटलीतील चिनी उपाहारगृहे आपल्या यात्रेकरूंना अधिक परिचयाची आहेत. ती चालवणारी बहुतेक कुटुंबे चीनच्या झेज्यांग प्रांतातली. त्यांच्या यादीत वाफेवरच्या मोदकासारख्या पदार्थाला 'राव्हियोली' म्हणतात, शेवयांना 'स्पागेत्ती', आणि जेवणाची मांडणी इटालियन रीतीने आधी हे, मग ते अशी केलेली असते. पाहुण्याच्या भाषेत बोलण्याची ही धडपड आहे.

प्रवासाच्या शेवटी बहुतेक यात्रा फातिमाहून लिस्बनला येतात. तेथील कॅफेत काचेमागे त्रिकोणी 'शामुसा' मांडलेला दिसतो. हा आपला समोसा. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपल्यावर काही गोवेकर कुटुंबे लिस्बनला गेली. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तेथे स्थायिक झालेले आणखी कितीतरी गोवेकर आणि गुजराती तेथे आले, आणि त्यांच्या हातून हा पदार्थ घरोघर पोचला. गोवेकरांच्या उपाहारगृहांत शाकुती आणि झिंग्यांची कढी मिळू लागली. येथे मात्र पाटी आणि चूल यांचे नाव एक आहे.

त्याच शहरात जपानी उपाहारगृहात कुणी 'तेंपुरा' मागवला तर इतिहासाचे चक्र पुरे होते. पिठात बुडवून तळलेल्या भाज्या आणि मासे ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानला गेली. शब्दाच्या उगमाविषयी मतभेद आहेत, पण ख्रिस्तसभेच्या त्रैमासिक उपवासदिनांच्या 'तेंपोरा' या नावाशी तो जोडला जातो, कारण त्या दिवशी मांस वर्ज्य असे. १५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर जपानला पोचले. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया त्याच शतकात तेथे धर्मकार्य करीत होते आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. पुढे जपानने धर्मगुरूंना हाकलले, ख्रिस्ती माणसांना छळले. तळण्याची रीत मात्र ठेवून घेतली, आणि आज ती 'अस्सल जपानी' म्हणून जगभर ओळखली जाते.

तेव्हा अस्सल कशाला म्हणावे? आपल्या घरातील मिरची अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांनी आणली. पाव हा शब्द त्यांचा, बटाटा त्यांचा, अननस आणि काजूही त्यांच्याच वाटेने आले. वसईवर त्यांचे राज्य १५३४ पासून १७३९ पर्यंत राहिले आणि आपल्या सणांचे स्वयंपाक त्या दोनशे वर्षांची खूण आजही बाळगून आहेत. ज्या पंगतीला आपण पूर्वजांची म्हणतो, ती अशीच परक्या हातांनी सजलेली आहे. परमुलखातील चुलीवर तेच घडताना पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला थोडाच उरतो.

परक्याला दारात घ्यावे ही प्रभूची शिकवण आपण यजमानाच्या जागी बसून ऐकत आलो. युरोपच्या त्या लहानशा उपाहारगृहात मात्र जागा उलटलेल्या असतात. तेथे आपण परके असतो, आणि शिजवणाराही परकाच असतो. पुढच्या यात्रेत कुणाला असे ताट मिळाले तर क्रूसाची खूण करून घास घ्यावा, आणि पैसे देताना वाढणाऱ्याला एवढे विचारावे : तुमचे गाव कोणते? पाटीवर जे नाव लिहिलेले नाही, ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू द्यावे.