१९४२ : नगरच्या किल्ल्यातील मौन आणि बाहेरचा वणवा

नगरच्या भुईकोट किल्ल्याविषयी आपल्याकडे प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते : पंडित नेहरूंनी येथे ‘भारताचा शोध’ लिहिला. ते खरेच आहे. मात्र ते लेखन १९४४ सालचे. १९४२ मध्ये या किल्ल्यात लेखनापेक्षा मौन अधिक होते, आणि त्या वर्षाचा इतिहास या मौनाच्या बाहेर घडला. आजचा धागा त्याविषयी.

वर्षाचा आरंभच अस्वस्थ होता. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. क्रिप्स मार्चअखेरीस प्रस्ताव घेऊन आले आणि १२ एप्रिलला रिक्तहस्ते परतले. पुढे १४ जुलैचा वर्ध्याचा ठराव, आणि ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’. उजाडण्यापूर्वीच धरपकड सुरू झाली.

मुंबईहून सुटलेल्या खास गाडीतून गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य लोहमार्गानेच पुढे नगरला आले. आपल्या सुप्यावरून जाणाऱ्या पुणे-नगर रस्त्याला या प्रवासाची चाहूलही लागली नाही. (हे पारनेर तालुक्यातील सुपे. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे बारामतीकडचे. प्रत्येक धाग्याखाली ही पृच्छा होते, म्हणून आधीच सांगितले.)

किल्ल्यात कोण होते? आझाद, नेहरू, पटेल, कृपलानी, असफ अली, गोविंद वल्लभ पंत, पट्टाभि सीतारामय्या, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद आणि हरेकृष्ण महताब. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने प्रारंभी उघड केले नाही. आरंभीच्या दिवसांत त्यांना वृत्तपत्रे नव्हती, पत्रव्यवहारही नव्हता. मौलाना आझाद मित्राला पत्रे लिहीत राहिले, ती धाडता येणार नाहीत हे जाणून. तीच पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून प्रसिद्ध झाली. चांदबिबीच्या काळातील एका हबशी किल्लेदाराची आठवण काढून त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याचे नाव ‘चीता खान’ ठेवले होते! इतिहासाचा असा उपयोग कैद्यालाच सुचावा.

आणखी एक योगायोग. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरची पेठ ८ ऑगस्टला घेतली आणि १२ ऑगस्टला किल्ला. इंग्रजांच्या हाती हा किल्ला ज्या ऑगस्टमध्ये गेला, त्याच महिन्यात १३९ वर्षांनी त्यांनी तेथे देशाचे नेतृत्व कोंडले.

आता किल्ल्याबाहेर पाहू. अच्युतराव पटवर्धन हे नगरचेच. १९३६ मध्ये नेहरूंनी तीन समाजवाद्यांना कार्यकारिणीत घेतले होते : नरेंद्र देव, जयप्रकाश नारायण आणि अच्युतराव. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पहिले नगरच्या किल्ल्यात, दुसरे हजारीबागच्या तुरुंगात (तेथून ते नोव्हेंबरमध्ये तट ओलांडून निसटले) आणि तिसरे भूमिगत. अच्युतरावांबरोबर भूमिगत चळवळीची सूत्रे हाताळणाऱ्यांत राममनोहर लोहिया होते, तशाच अरुणा असफ अली आणि सुचेता कृपलानी. या दोघींचे पती अच्युतरावांच्या गावच्या किल्ल्यात बंदिस्त! नेत्यांना एकाच वेळी उचलले की चळवळ थंडावेल, हा सरकारचा हिशेब होता. प्रत्यक्षात सुमारे २५० रेल्वेस्थानकांची नासधूस झाली, ५०० हून अधिक टपाल कचेऱ्यांवर हल्ले झाले, आणि सातारा जिल्ह्यात पुढे प्रतिसरकार उभे राहिले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना कळवताना या उठावाची तुलना थेट १८५७ शी केली.

तरीही ‘सारा देश एकमुखाने उठला’ हे वाक्य मला मान्य नाही. त्याच जुलैमध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. कम्युनिस्टांनी युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला होता, मुस्लिम लीग चळवळीपासून दूर राहिली. हे प्रवाह वगळून १९४२ लिहिणे म्हणजे अर्धेच लिहिणे.

वर्षअखेरीपर्यंत अटक झालेल्यांची संख्या ६० हजारांवर गेली होती. अच्युतराव त्यांत नव्हते. वॉरंट मागे घेतले जाईपर्यंत ते पोलिसांच्या हाती लागलेच नाहीत.